लिंबांच्या घरातल्या बाई

घरं विकणारे एजंट तिला लिंबूवाली म्हणायचे. समोर ‘मॅडम’ आणि फोन ठेवला की लिंबूवाली. तिला ते ठाऊक होतं, पण रागवायची सोय नव्हती, कारण लिंबं खरोखरच होती. मेणाची, पिवळीधमक, काचेच्या मोठ्या वाडग्यात रचलेली. विकायला काढलेल्या प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरात तो वाडगा खिडकीजवळ जाऊन बसायचा आणि घर विकलं गेलं की खोक्यात बसून पुढच्या घरी निघायचा. तिला नेहमी कामं देणारा एक जाडजूड एजंट होता. तो म्हणायचा, “मॅडम, आमचं कमिशन या लिंबांनाच द्यायला हवं. आम्ही आपले किल्ल्या वाजवत फिरतो नुसते.”

तिचं काम सांगायला सोपं होतं. कुणाला घर विकायचं असलं, की गिऱ्हाइकं बघायला येण्याआधी ती ते घर सजवून द्यायची. पण सजवणं नंतर. आधी काढणं. पहिल्या भेटीत ती वेताची टोपली हातात घेऊन घरभर फिरायची आणि त्या घरातल्या माणसांच्या सवयी वेचायची. फ्रीजवरची औषधांची पट्टी, दारामागच्या खिळ्यावरची टोपी, उशाशी ठेवलेला चष्म्याचा डबा, भिंतीवरचे फोटो, मोरीतला झिजलेला साबण. मग तिच्या गोदामातून करड्या रंगाचा सोफा यायचा, पांढऱ्या चादरी यायच्या, ट्रेमध्ये दोन कप आणि एक अर्धवट उघडं पुस्तक यायचं. ते पुस्तक कुणी कधीच वाचलेलं नव्हतं. सगळ्यात शेवटी लिंबं.

या धंद्यातलं तिचं एक वाक्य ठरलेलं होतं. “घरात कुणीतरी राहतंय असं वाटलं पाहिजे, पण कोण राहतंय ते कळता कामा नये.” घरमालक हे ऐकून नाक मुरडायचे. एक म्हातारे गृहस्थ तर बायकोचा फोटो उतरवू देईनात, दोन्ही हात पसरून भिंतीला पाठ लावून उभे राहिले. तिने त्यांना घाई केली नाही. स्टूल ओढून शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, “काका, येणाऱ्या माणसाला तुमचं घर नकोच असतं. त्याला त्याचं घर हवं असतं. त्याला थोडी जागा करून देऊया.” काकांनी फोटो स्वतःच्या हाताने उतरवला. तिने तो मऊ कापडात गुंडाळला आणि खोक्यावर ‘नाजूक’ अशी खूण केली. कुणाचं काही तिने कधी फेकलं नाही, हे तिच्याबद्दल मुद्दाम सांगायला हवं.

आणि तिचं स्वतःचं घर? विचारू नका. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं ते घर बघून एखाद्या एजंटाने कपाळावर हात मारला असता. जेवणाच्या टेबलावर मेणकापड, त्यावर इस्त्रीचा तिकोनी डाग. दाराशी लाल रंगाचं स्टूल, त्याचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. खुर्चीच्या पाठीवर कुणाचा तरी शर्ट कायम. नवरा तिला चिडवायचा, “अगं, लोकांची घरं नटवतेस, जरा आपल्याकडेही बघ की!” त्यावर तिचं उत्तरही ठरलेलं. “राहू द्या हो असंच. आपल्याला थोडंच विकायचंय!” हा संवाद इतक्या वर्षांत इतक्या वेळा झाला होता, की एकाने सुरुवात केली की दुसरा शेवट करायचा आणि दोघं हसायची.

नवरा वीज कंपनीत मीटर रीडर होता. उभी हयात लोकांच्या दारांवर टकटक करण्यात गेली. “बाई, मीटर बघायला आलोय,” एवढं म्हणून पायपुसण्यावर बूट पुसायचे, आत यायचं, आकडा उतरवायचा आणि पाणी दिलं तर प्यायचं. कुठल्या घरात मीटर जिन्याखाली आहे, कुठल्या घरात कपाटामागे, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. त्यांच्या इमारतीत मीटर घरातच असायचे, दाराच्या आतल्या बाजूला, वर. निवृत्त झाल्यावरही तो रोज सकाळी उठला की आधी आपल्या मीटरखाली जाऊन उभा राहायचा. जुना मीटर, आत चक्री फिरणारा. तो मान वर करून बघायचा आणि म्हणायचा, “फिरतंय.” मग दिवस सुरू.

विसरायला लागला तेव्हा आधी दोघांनीही चेष्टेवारी नेलं. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणं, एकच बातमी दोनदा सांगणं, कोण करत नाही? मग एक दिवस त्याला मोरी सापडेना. आयुष्यभर परक्या घरांत मीटर हुडकलेला माणूस स्वतःच्या दोन खोल्यांत हरवला. ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेऊन समजावलं. आठवण आता डोक्यात कमी आणि भोवतालच्या वस्तूंत जास्त राहील. वस्तू जागच्या जागी ठेवा. काही बदलायचं झालं तर हळूहळू, एकेक करून. तिने एवढंच विचारलं, “मला ओळखतील ना?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “जितके दिवस राखता येतील तितके राखायचे.”

तेव्हापासून तिला दुसरी कसलीच भीती उरली नाही. मरणाची नाही, एकटं पडण्याची नाही. तो एक दिवस आपल्याकडे बघेल आणि त्याच्या डोळ्यांत ओळख नसेल, एवढीच. सकाळी “फिरतंय” झालं, की तो स्वयंपाकघराच्या दाराशी यायचा आणि म्हणायचा, “अगं, चहा?” त्या ‘अगं’ची ती कपबशी हातात धरून वाट बघायची. ऐकू आलं की मगच चहा ओतायची. मोरीच्या दारावर तिने निळा टॉवेल टांगला, म्हणजे त्याला दार ओळखता यावं. त्याची जुनी पिशवी दारामागच्या खिळ्यावर ठेवली. आणि घरात रोज तोच हिरव्या चौकड्यांचा गाऊन, विटला तरी तोच. जगभरच्या सवयी वेचून खोक्यात भरणारी बाई आता स्वतःच्या घरात सवयी राखत बसली होती.

मग तो जिन्यावर पडला. हाड मोडलं नाही, पण दोघांनाही कळलं की तिसरा मजला आता झेपायचा नाही. दुसऱ्या गावी राहणाऱ्या लेकीने आपल्या घरामागेच तळमजल्यावरची एक जागा शोधली. त्यासाठी हे घर विकायला हवं होतं. लेक फोनवर म्हणाली, “आई, घर आहे तसंच दाखव हं. बाबांच्या वस्तू हलवू नकोस. जो घ्यायचा तो घेईल.” एजंटही तेच म्हणाला, “मॅडम, उजेड आहे, वारा आहे, असंच जाईल. तुम्ही नका त्रास घेऊ.”

इथेच तिचं चुकलं. आणि ती चूक तीच करू शकत होती. दुसऱ्या कुठल्याही बाईने केर काढला असता, चादर बदलली असती आणि दार उघडलं असतं. पण हिला मेणकापडावरचा डाग दिसायला लागला. स्टुलाखालचा पुठ्ठा दिसायला लागला. लिंबूवालीचं घर बघायला लोक येणार आणि मोरीच्या दारावर तो जुनाट टॉवेल? इतकी वर्षं ज्यांना ती शहाणपण शिकवत आली, त्यांनी काय म्हणावं? तिने मनाशी हिशेब जुळवला. सकाळी यांना खालच्या काकूंकडे बसवायचं. माणसं लावून सामान हलवायचं. दुपारी गिऱ्हाईक येऊन जाईल, संध्याकाळी सगळं पुन्हा जागच्या जागी. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, त्यांना पत्ताही लागणार नाही.

ठरल्याप्रमाणे झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू प्रेमळ, तिच्यापेक्षा वयाने मोठ्या. त्यांनी त्याला बाल्कनीत खुर्ची दिली. वर दोन हमालांनी खुर्च्या, टेबल गच्चीच्या जिन्यात नेऊन ठेवलं, करडा सोफा आत आणला. तिने टोपली घेतली आणि स्वतःच्या घरात फिरली. पिशवी काढली, टॉवेल काढला, मेणकापडाची घडी केली. मीटर दिसायला वाईट दिसत होता म्हणून त्यावर निळ्या डोंगरांचं चित्र टांगलं. हात इतके सरावलेले होते की त्यांनी तिला काही विचारलं नाही. शेवटी कामावरची करडी साडी नेसली, केसांचा घट्ट अंबाडा घातला आणि हिरवा गाऊन घडी करून त्याच टोपलीत सारला. मग खिडकीजवळ लिंबं ठेवली. घर खरंच सुरेख दिसत होतं. तिला अभिमान वाटला. नंतर तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती या अभिमानाची.

घर बघायला एक तरुण जोडपं आलं. मुलगी खिडकीशी गेली, पडद्याला हात लावून बघितला, नवऱ्याकडे वळून हसली. एजंटाने हळूच भुवई उडवली. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

दार उघडंच होतं. बाहेर तिचा नवरा उभा होता. काकू चहा टाकायला आत गेल्या, तेवढ्यात हा उठून जिना चढून आला होता. त्याने सोफा बघितला, पांढरे पडदे बघितले, दाराच्या वर नजर टाकली. तिथे निळे डोंगर होते. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर घाबरल्यासारखं काहीतरी येऊन गेलं. मग तो सावरला, ताठ उभा राहिला आणि पायपुसण्यावर बूट पुसायला लागला. परकं घर होतं, आणि परक्या घरात कसं वागायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“बाई, मीटर बघायला आलोय,” तो म्हणाला.

आवाज खणखणीत होता. असा आवाज तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. एजंट त्याला ओळखत होता, त्याचा चेहरा पडला आणि तो तिच्याकडे बघायला लागला. ती म्हणू शकली असती, हे माझे मिस्टर. तीन शब्द. फार तर गिऱ्हाईक गेलं असतं. पण तोंडात आयुष्यभराची शिस्त बसलेली. कोण राहतंय ते कळता कामा नये. तिच्या तोंडून निघालं, “या ना. इकडे आहे.”

तिने चित्र उतरवलं. तो खाली उभा राहिला, मान वर केली. तिला वाटलं, आता. आता मीटर दिसला की वळतील आणि ‘अगं’ म्हणतील.

“फिरतंय,” तो म्हणाला. खिशातलं पेन काढून त्याने तळहातावर आकडा लिहिला. “पाणी मिळेल का, बाई?”

तिने सजावटीसाठी मांडलेल्या उंच ग्लासातून पाणी दिलं. पाणी पिताना त्याचं लक्ष वाडग्याकडे गेलं. त्याने एक लिंबू उचललं, नाकाशी नेलं. “दिसायला छान आहेत. वास नाही यांना,” तो म्हणाला आणि लिंबू होतं तसं परत ठेवलं. तरुण जोडपं हसलं. “येतो, बाई,” म्हणून तो जिन्याकडे निघाला.

आणि तिने त्याला जाऊ दिलं. खरं सांगायचं तर तिचे पायच हलेनात, पण दिसायला ते तसंच दिसलं. मुलगी काहीतरी विचारत होती, दुपारी ऊन कुठून येतं वगैरे. ती उत्तरं देत होती. मुलगी म्हणाली, “किती शांत घर आहे! इथे कुणाला कधी रडू आलं असेल असं वाटतच नाही.”

तेव्हा मात्र ती चप्पलही न घालता धावली. हा रस्त्यावर गेला असेल तर? तो तळमजल्यावर सापडला. प्रत्येक दारावर टकटक करत खाली पोचला होता. शेजारी भली माणसं, सगळ्यांनी त्याला ओळखूनही आपापले मीटर दाखवले होते. तळहात आकड्यांनी भरून गेला होता. काकू मागे उभ्या राहून पदराने डोळे पुसत होत्या.

“अहो, चला घरी,” ती म्हणाली.

“घरीच निघालोय, बाई. एवढी इमारत संपवतो.”

काकूंनी आणि तिने मिळून त्याला वर आणलं. पण दारात तो थांबला, आत पाऊल टाकेना. “इथलं झालंय,” तो समजूत घालावी तसं म्हणाला. “मघाशीच घेतलं. लिंबं आहेत ना, तेच घर.” तळहात पुढे करून त्याने तो आकडाही दाखवला. शेवटी काकू त्याला आपल्याकडे घेऊन गेल्या.

एजंटाचा फोन आला. लोकांना घर पसंत होतं, आजच होकार देऊन गेले होते. ती “बरं” म्हणाली आणि फोन ठेवला. मग तिने साडीचा पदर खोचला. हमाल केव्हाच गेले होते. सोफा तिने एकटीने आतल्या खोलीत ढकलला, पांढरे पडदे उतरवले, खुर्च्या, टेबल गच्चीच्या जिन्यातून ओढत आणलं, नखं तुटली. मेणकापड अंथरलं, डाग त्याच्या बाजूला येईल असं. स्टूल दाराशी, पुठ्ठा त्याच पायाखाली. पिशवी खिळ्यावर, तिचा पट्टा आतल्या बाजूला. मोरीच्या दारावर टॉवेल. शर्टसुद्धा खुर्चीच्या पाठीवर टाकला, एक बाही लोंबत होती तशी. आयुष्यात तिने इतकं अचूक घर कधी मांडलं नव्हतं. लिंबं खोक्यात घातली आणि खोकं पलंगाखाली लाथेने सारलं. केस मोकळे केले, तोंड धुतलं, हिरवा गाऊन घातला. मग जाऊन त्याला घेऊन आली.

तो दारात आला, वर बघितलं. “फिरतंय,” म्हणाला आणि आत आला. स्टुलावर बसला, बूट काढले, ते स्टुलाखाली सरकवले. पिशवीला हात लावून बघितला. न विचारता मोरीत गेला, हातपाय धुवून आला, निळ्या टॉवेलला तोंड पुसलं आणि आपल्या खुर्चीत टेकला. “हां,” त्याने मोठा श्वास सोडला. “आलं बुवा घर.”

तिचा जीव भांड्यात पडला. स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला धरून ती उभी होती, हसत होती, डोळे वाहत होते. सगळं परत मिळालं होतं.

त्याने तिच्याकडे बघितलं. बराच वेळ निरखून बघितलं.

“तुम्ही त्या लिंबांच्या घरातल्या बाई ना?” तो म्हणाला. “मला इथवर आणून सोडलंत. फार उपकार झाले.”

“अहो,” ती म्हणाली.

“उभ्या का? बसा ना. असंच आहे आमचं घर, पसारा फार. बायको येईलच एवढ्यात, कामाला गेलीये. ती आली की चहा करेल.” त्याने उठून लाल स्टूल तिच्यासाठी पुढे ओढलं, पुठ्ठा नीट बसवून दिला. ती बसली. काय करणार होती? आपल्याच घरात पाहुणी होऊन ती हात मांडीवर ठेवून बसली.

त्याला बोलायची हुक्की आली होती. डोळ्यांत चमक होती, किती दिवसांत नव्हती अशी. “ती घरं सजवते लोकांची,” तो सांगायला लागला. “फार हुशार आहे. तुमच्या घरासारखी लिंबं तिच्याकडेही आहेत. घराला असा हात लावते की ओळखू येत नाही. पण या घराला नाही हां लावत! मी म्हणतो, अगं, आपलंही जरा नीट कर. तर काय म्हणते माहितीये?”

तिला माहीत होतं. इतक्या वर्षांचा सराव होता, पहिलं वाक्य झालं की दुसरं आपोआप ओठांवर यायचं. ते आलंही. पण ते म्हणायचा हक्क आता तिच्याकडे नव्हता, तो कामाला गेलेल्या त्या दुसऱ्या बाईकडे होता. ती कशीबशी म्हणाली, “काय म्हणते?”

“म्हणते, राहू द्या हो असंच. आपल्याला थोडंच विकायचंय!”

आणि तो हसला. नेहमीसारखा, मान मागे टाकून. मग थांबला, दुसऱ्या हसण्याची वाट बघितल्यासारखा. ते आलं नाही, तसा त्याचा चेहरा जरा ओशाळला. बाहेर अंधारून आलं होतं. तो उठला आणि जिन्यात उजेड पडावा म्हणून दारातला दिवा लावून आला.

“उशीर नाही करत ती कधी,” तो म्हणाला.

“येईल,” ती म्हणाली.

मग दोघं दाराकडे बघत बसली.